किती?

सारंगखेड्याच्या यात्रेतून आला तेव्हा
त्याला समुद्र ठाऊक नव्हता.
तापीकाठचं शिंगरू. पाणी एका बाजूनं येतं
आणि दुसऱ्या बाजूला निघून जातं, एवढीच त्याची समज.
इथलं पाणी परत येतं.
पहिल्या दिवशी खुरांखालची वाळू सरकली
तसा चारही पाय गोळा करून उभा राहिला,
एस्टीनं चुकीच्या गावात उतरवलेल्या म्हाताऱ्यासारखा.

नाव ठेवलं नव्हतं.
बाबा म्हणाले, "आदी दम बगू, मंग नाव."

बाबांचा खुबा मोडला त्याच उन्हाळ्यात.
गाडी शेडमध्ये उलटी, चाकांवर कोंबड्या.
नारळी पुनव झाली, दिवाळीला उरले अडीच महिने.
दिवाळीपासून माणसं येतात
ओहोटीला गाडीत बसून कुलाब्याचा किल्ला बघायला.
तेवढ्यात शिंगराचा घोडा करायचा होता
आणि करणार होते मी,
जिनं आजवर नुसती लीद काढली.

पहिले पंधरा दिवस फक्त चाल.
अक्षीच्या खाडीपर्यंत, परत.
ओल्या वाळूवर, जिथं ती फरशीसारखी घट्ट असते.
कोरड्या वाळूत नाही, ती शिरा खाते.
हे कुणी शिकवलं नाही;
मागचा डावा पाय सुजला तेव्हा कळलं,
मग चार दिवस हळदीचे लेप.
दाऊदभाई नालबंद खूर मांडीवर घेऊन
बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले,
"घाई तुझ्यात आहे, ह्याच्यात नाही."

संध्याकाळी खरारा झाला की
कुशीवर तळहात ठेवायचा,
दुसऱ्या हातात बाबांचं घड्याळ.
बरगड्या वर, बरगड्या खाली: एक.
आतून खाटेवरून आवाज यायचा,
"किती?"
"शेहेचाळीस."
"उद्या दौड नको."
"चाळीस."
नुसता खोकला.
"एकतीस."
"मंग दुडकी दे. थोरी."

भाद्रपदात रिकामी गाडी जोडली.
मग वाळूची दोन पोती, मग पाच.
सहाव्या पोत्यावर शेजारचा हर्षल हट्टानं बसला
आणि वळणावर पोत्यासकट खाली आला.
हरभरा वाढवला, पेंढा कमी केला.
मान भरली. आयाळीखालचा घाम
आधी साबणासारखा पांढरा यायचा,
आता पाण्यासारखा.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ,
तिथून सहा तास मोजले की वाट उघडी.
हे मला येतं. त्याला यायला हवं होतं ते
मधल्या चिरेत, जिथं ओहोटीलाही
पाणी पोटाला लागतं.
तिथं तो थांबायचा. रोज.
गूळ, शिव्या, टाळ्या, काही नाही.
"घोरा डोल्यान पानी नाय बगत, बाय," बाबा म्हणाले,
"पोटान बगतो. त्याच्या पोटाला येल दे."

म्हणून लगाम सैल सोडून मीच पुढं उतरले,
साडी कमरेला खोचून,
आणि मागं वळून बघितलं नाही.
बघितलं असतं तर त्याला कळलं असतं
की मलाही खात्री नाही.
खूप वेळ फक्त पाण्याचा आवाज.
मग मानेवर गरम वाफ,
हरभऱ्याचा वास.

पाडव्याला पहिलं गिऱ्हाईक, सांगलीचं.
चार म्हणाले होते, चढले सहा,
आणि मी घासाघीस करत बसले नाही; तेवढंच चुकलं.
चिरेत चाकं आसापर्यंत गेली.
एक बाई देवाचं नाव घेत होती,
एक पोरगी विचारत होती, "ह्याचं नाव काय?"
त्यानं कान मागं टाकले,
छाती पाण्यात घातली
आणि ओढलं.

घरी विहिरीच्या पाण्यानं मीठ धुतलं.
पोटऱ्यांवरची पांढरी रेघ दोनदा घासावी लागली.
मग तळहात, घड्याळ.
"किती?"
"अठरा."
आत बराच वेळ शांतता.
"माणसा किती व्हती गारीत?"
खोटं बोलावंसं वाटलं.
"सहा."
"उद्या चारच बसव."

"आणि नाव?"
खाट करकरली.
"हंगाम तर जाऊ दे."